ज्यूंचा हनुक्का सण आठ दिवसांचा, मग दिवे नऊ का?

नववा दिवा मोजणीत धरत नाहीत. तो ‘शमाश’, म्हणजे सेवक, आणि त्याच्या ज्योतीने बाकीचे आठ लावतात. हनुक्काचे दिवे नुसते पाहायचे असतात, त्यांच्या उजेडात वाचणं-काम करणं वर्ज्य, म्हणून हा एक वेगळा. आठ दिवसांचं कारण तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे: इ.स.पू. १६४ मध्ये ज्यूंच्या बंडाचा नेता यहूदा मक्काबी आणि त्याच्या माणसांनी जेरुसलेमचं मंदिर ग्रीक राजा अँटिओकस चौथ्याच्या ताब्यातून सोडवलं, तेव्हा मुख्य पुरोहिताची मोहोर शाबूत असलेली तेलाची एकच कुपी सापडली, आणि एका दिवसाचं ते तेल आठ दिवस जळलं. मात्र ही कथा घटनेनंतर काही शतकांनी लिहिली गेली. त्या बंडाची हकीकत सांगणाऱ्या, मक्काबींच्या जुन्या ग्रंथांत ती नाही. उलट त्यांतल्या दुसऱ्या ग्रंथात म्हटलंय की लढाईच्या धामधुमीत नीट साजरा न झालेला मांडवांचा सण, सुक्कोत, त्यांनी त्या वेळी आठ दिवस केला. आठाचा उगम मला तरी इथेच दिसतो.

रीत बघण्यासारखी आहे. पहिल्या संध्याकाळी एक दिवा, मग रोज एक वाढवायचा. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे मांडतात, पण पेटवताना त्या दिवसाची नवी आधी, मग उजवीकडे सरकत जायचं. त्या खिडकीत किंवा दाराशी ठेवतात, रस्त्यावरून दिसाव्यात म्हणून. तेलाची आठवण म्हणून खाणं तळणीचं: किसलेल्या बटाट्याचे लातकेस, जॅम भरलेले सुफगानियोत.