वॉर्डातला पेशंट अचानक हाकेला ओ देईना, तर आधी काय करायचं?

रात्रपाळीत पेशंट एकदम निपचित पडला, तर ताबडतोब सीटीला (मेंदूच्या स्कॅनला) हलवावं का, असं विचारलंय. हलवू नका. श्वासाचा मार्ग मोकळा नाही, बीपी माहीत नाही, साखर बघितलेली नाही, असा पेशंट स्कॅनच्या टेबलावर ओकला किंवा श्वास थांबला तर तिथे हाताशी काही नसतं.

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर तिथूनच मदतीला ओरडा, पेशंटला सोडून फोनकडे धावू नका. मानेतली नाडी आणि छातीची हालचाल एकाच वेळी बघा, 10 सेकंदांच्या आत. नाडी लागत नसेल किंवा शंका असेल तर लगेच छाती दाबायला घ्या: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंमी, 30 दाबांना 2 श्वास, आणि डीफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) मागवा. मधूनच तोंड वासून येणारे आचके हा श्वास नव्हे. ‘श्वास चालू आहे’ म्हणून इथेच मोलाची मिनिटं जातात. नाडी आहे पण श्वास नाही, तर ॲम्ब्यू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दर 6 सेकंदांना एक श्वास, छाती जेमतेम उचलेल इतकाच. जोरात दाबलं की हवा पोटात जाते आणि पेशंट ओकतो.

नाडी आणि श्वास दोन्ही चालू असतील तर कान द्या. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय: मान मागे करून हनुवटी उचला. पलंगावरून पडला असेल तर मान न हलवता जबडा पुढे ढकला. गुरगुर ऐकू आली तर आधी सक्शन, म्हणजे घशातला स्राव नळीने ओढून काढा. मग रिझर्व्हॉयर बॅगच्या मास्कने 15 लिटर ऑक्सिजन, बॅग फुगवून घेऊनच मास्क लावा.

ऑक्सिजन लावल्यावर एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 98 दिसला की सगळे निवांत होतात. तो आकडा कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. श्वास मिनिटाला 8 वर आला असेल तरी ऑक्सिजनवर सॅच्युरेशन चांगलं दिसतं, आणि साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने पेशंट आणखी गुंगत जातो. म्हणून श्वास घड्याळ लावून मोजा आणि एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवा. सीओपीडीचा (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल तर सावरल्यावर एसपीओटूचं लक्ष्य 88 ते 92 ठेवा.

बीपी घेतानाच दुसऱ्याने बोटाची साखर बघावी. डायबेटिस नसला तरी बघावी. 70 च्या खाली असेल तर 25 टक्के डेक्सट्रोज 100 मिली शिरेतून, शीर नीट चालू आहे याची खात्री करून, कारण बाहेर झिरपलं तर ऊती जळतात. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लिमेपिराइडसारखी डायबेटिसची गोळी आणि सोबत किडनी बिघडलेली, असं असेल तर साखर तासन्‌तास पुन्हा पुन्हा पडते. एका बाटलीवर समाधान मानू नका.

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद असेल तर औषधांचा तक्ता उघडा, मॉर्फिन किंवा फेंटानिलचा (अफूच्या जातीची वेदनाशामकं) पंप बंद करा, अंगावर त्यांचा पॅच आहे का तेही बघा. त्यावरचा उतारा म्हणजे नॅलोक्सोन: 0.4 मिग्रॅ सलाईनमध्ये मिसळून 10 मिली करा आणि 1-1 मिली, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने द्या. हवा तो परिणाम म्हणजे पुरेसा श्वास, पूर्ण जागं करणं नव्हे. अख्खी मात्रा एकदम दिली तर वेदना उसळते, पेशंट सैरभैर होतो. नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो, मॉर्फिन मागे राहतं, त्यामुळे त्यानंतरही पेशंट नजरेखाली हवा.

आता मेंदूकडे वळा. जीसीएस (शुद्ध किती आहे याचे गुण) लिहिताना डोळे, बोलणं, हालचाल हे तीनही आकडे वेगळे लिहा, नुसत्या ‘9’ वरून पुढच्याला काही कळत नाही. एका बाजूचे हातपाय लुळे आहेत का, बाहुल्या असमान आहेत का, नजर एकीकडे खेचलीय का, पापण्या किंवा बोटं बारीक फडफडताहेत का? फडफड असेल तर फिटचा झटका अजून चालू असू शकतो. ईसीजी आणि पोटॅशियम, सोडियम याच वेळी पाठवा. मगच सीटी, तोही सोबत डॉक्टर, ॲम्ब्यू बॅग आणि सक्शन घेऊन.

आणि केस पेपरवर पेशंट शेवटचा नीट बोललेला कधी दिसला ती वेळ लिहा, सापडला ती वेगळी. पक्षाघात निघाला तर रक्ताची गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत त्या पहिल्या वेळेपासून मोजतात.