पालिकेकडे बिलं द्यायला पैसे का नसतात, आणि जबाबदार कोण?

तुमचा प्रश्न असा की ठाण्यासारख्या शहराच्या महापालिकेवर ठेकेदारांची बिलं थकवायची वेळ का येते, आणि दोष नगरसेवकांचा की आयुक्तांचा. मी ठाण्यात राहतो, आणि एका महापालिकेच्या लेखा विभागात २६ वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बजेटची जमेची बाजू आधी बघा. महापालिकेला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही, वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते. फेब्रुवारीत सगळ्या खात्यांच्या मागण्या आल्या की आमच्याकडे खर्चाची बेरीज जमेच्या पुढे जायची. मग खर्चाला कात्री लावायची सोडून जमा फुगवली जायची. मालमत्ता कराची वसुली गेल्या वर्षीच्या दीडपट धरा, शासनाचं अनुदान 'अपेक्षित' म्हणून लिहा. स्थायी समितीत त्यात भर, महासभेत आणखी भर. या कागदी जमेवर तरतुदी पडतात, टेंडर निघतं, वर्क ऑर्डर जाते. काम होतं, पैसे येत नाहीत. ३१ मार्चला उरलेली बिलं आणि अर्धवट कामं पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसतात, त्याला दायित्व म्हणतात.

गटाराची कामं घेणारा एक छोटा ठेकेदार मला अजून आठवतो. मोजमाप पुस्तिकेवर (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) अभियंत्याची सही झालेली, बिल मंजूर. दर सोमवारी येऊन पिशवीतून फाइलची झेरॉक्स काढायचा आणि न बोलता माझ्या टेबलावर ठेवायचा. असे आठ महिने गेले. पुढच्या टेंडरला त्याने दर चढवूनच भरला. त्याचं काय चुकलं? उशिराचं व्याज दरात शिरतं आणि ते करदात्याच्या खिशातून जातं.

यात राज्य सरकारचाही वाटा मोठा आहे. जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, रोज नाक्यावर रोख जमा व्हायची. ठाण्यात २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीचे व्यापारी त्यातून सुटले, आणि जुलै २०१७ पासून एलबीटीच्या जागी जीएसटीची भरपाई आली. ती २०१६-१७ च्या उत्पन्नावर दरवर्षी ८ टक्के वाढ धरून मंत्रालयातून येते. हातात उरले मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क. घोडबंदर रोडवर टॉवर उभा राहताना शुल्क एकदाच मिळतं, पण त्याला पाणी, रस्ता, कचरागाडी कायमची पुरवायची असते. ठाणे शहर पाण्याचा मोठा हिस्सा स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेकडून विकत घेतं. (नवी मुंबईचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे, हे तिचं भाग्य.) आणि दर निवडणुकीत करमाफीचं आश्वासन असतंच. माफीचा खड्डा कोण भरणार, हे आपण मतदारही विचारत नाही.

तरी जबाबदारी सगळ्यांवर सारखी वाटून मोकळं होणं मला पटत नाही. जमेचा अंदाज आयुक्त मांडतात आणि पैसा नसताना वर्क ऑर्डरही प्रशासनच काढतं, म्हणून पहिला जाब त्यांना. आकडा फुगवणाऱ्या सभागृहाला दुसरा. ठाण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक जवळपास चार वर्षं लांबली. त्या काळात स्थायी समिती आणि महासभा दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडेच (सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच) होते. त्या वर्षांपुरतं नगरसेवकांकडे बोट दाखवता येणार नाही.

अर्थसंकल्पाचं पुस्तक मिळवा. मालमत्ता कराच्या ओळीवर गेल्या पाच वर्षांचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा हे तीन रकाने शेजारी मांडा. फरक किती पडतो ते इथे टाका, पुढचं मी समजावून सांगेन.