फळा नक्की कोणाचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ६६, बँकेतून रिटायर, कोथरूडला राहतो. आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक जुना फळा पडून होता, रिटायर झालो तेव्हा म्हटलं चला यावर रोज दोन-चार ओळी लिहू. सुविचार नाही हां, सुविचारांचा मला तिटकारा आहे. पार्किंगमधल्या बहाव्याला पहिला घोस आला, भाजीवाल्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं, आई आमसुलाचं सार कसं करायची, असलं काहीबाही. तेव्हा २४ घरं होती. सहा वर्षांत मागे दोन टॉवर झाले, आता दीडशेच्या वर घरं आहेत आणि फळा मेन गेटपाशी गेलाय. लोक थांबून वाचतात, फोटो काढतात, मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण आता रोज कोणीतरी सांगतं, नातवाला ९२ टक्के पडले ते लिहा, पाण्याच्या टाकीचं लिहा. एकाने तर माझ्या ओळीत खडूने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून ठेवलं! मागच्या महिन्यात ‘रात्री दोनला गेटवर हॉर्न वाजवणारे कोण बरं?’ एवढंच लिहिलं तर दोन घरं बोलेनाशी झाली. कमिटी म्हणते आधी सेक्रेटरींना दाखवून मग लिहा, बायको म्हणते बंद करा. काय करू?

उत्तर : काका, आधी ऱ्हस्व-दीर्घाचं. पुण्यात राहून भर गेटवर फळा लिहिता आणि कोणी शुद्धलेखन तपासू नये म्हणता, कमाल आहे तुमची! दुरुस्ती बरोबर असेल तर राहू द्या, चूक असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच शब्दावर चार ओळी लिहा.

आता हॉर्नचं. हीच ओळ २४ घरांत लिहिली असती ना, तर ती चेष्टा झाली असती, कारण गाडी कोणाची ते सगळ्यांना माहीत आणि त्या गाडीवाल्यालाही माहीत की काका सकाळी आपल्याकडेच चहाला येणार आहेत. दीडशे घरांत तीच ओळ नोटीस होते. तुम्ही तसेच लिहिताय, फक्त वाचणारा आता तुम्हाला ओळखत नाही. तेव्हा ज्याच्याकडे चहाला जाता येईल त्याचीच फळ्यावर थट्टा करायची, बाकीच्यांना जाऊन तोंडावर सांगायचं. त्या दोन घरी एकदा जाऊन या, फळ्यावर माफीबिफी लिहू नका, त्याने अजून चार घरांना कळेल.

मी हे शहाणपणाने नाही सांगत आहे, हात पोळलेत म्हणून सांगते. एकेकाळी मीही एक पान काढायचे, हाताने लिहायचं, झेरॉक्स मारायची आणि पोस्टाने पाठवायचं, सुरुवातीला ११ मैत्रिणी होत्या. वाढत वाढत ऐंशीच्या वर गेल्या आणि मग लिहायला बसलं की आधी चेहरेच दिसायला लागले, हिला हे आवडणार नाही, तिच्या सासूबाई वाचतात म्हणे, मग आजीची भांडणं गाळली, मग माहेरचं गाळलं, शेवटी पान सगळ्यांना चालेल असं झालं आणि मलाच वाचवेना. बंद केलं. अजून चुटपुट आहे.

म्हणून म्हणते, लोकांना हवंय ते तुमच्या फळ्यात कोंबू नका, त्यांना दुसरा फळा आणून द्या. आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली, एकूण ८४ अंक निघाले आणि त्यातलं जवळजवळ सगळं लेखन त्यांचं एकट्याचं. पुढे चार लोकांना घेऊन काम करायची वेळ आली तेव्हा त्यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८१ मध्ये टिळक-आगरकरांबरोबर ‘केसरी’ काढला. ते सगळ्यांचं काम होतं, त्याला वेगळी जागा केली, माला मात्र एकहातीच राहिली. तुम्हाला शाळा काढायची नाहीये, बोहरी आळीतून एक प्लाय आणि काळ्या रंगाचा डबा आणायचाय फक्त. नातवाचे ९२ टक्के त्यावर.

राहिली कमिटी. भिंत सोसायटीची आहे, त्यामुळे फळा तिथे ठेवायची परवानगी एकदा रीतसर मागा, ती मागण्यात कमीपणा नाही. पण रोजची ओळ दाखवायला जाऊ नका. अडून बसले तर सरळ फळा काढून परत लिफ्टपाशी न्या, वाचणारे येतील तिकडे. थोडे येतील, ते बरंच आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या हस्तलिखितातली माझी कविता व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच्या नावाने फिरत फिरत मलाच आली. — बिबवेवाडी

उत्तर : वाईट वाटतंच. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली त्या क्षणापासून हक्क तुमचा, रजिस्टर करायची सक्ती नाही, आणि तो तुमच्या हयातीत तर असतोच, वर मृत्यूनंतर ६० वर्षं. मूळ पानाचा तारखेसकट फोटो त्याच ग्रुपवर टाका, खाली एक शब्दही लिहू नका. फारच परिणामकारक असतं ते.

प्रश्न : मीही फळा लिहिते. येणारी-जाणारी मुलं हात फिरवून पुसतात, उपाय? — नारायण पेठ

उत्तर : शाळेतल्या बाई फलकलेखनाला करतात तेच करा, खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ओलाच वापरा, अक्षर ठसठशीत उठतं आणि सहज पुसलं जात नाही. मुंग्या आल्या तर मला पत्र पाठवू नका.