वाचकांचे प्रश्न : आजारी मुलाला घेऊन परगावी राहताना

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या भाच्याला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून, जिल्ह्याच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईच्या टाटा रुग्णालयात न्यायला सांगितले आहे. बहीण आणि मेहुणे शेतमजुरी करतात आणि मुंबईत आमचे कोणीही नाही. तिथे लोक महिनोन्‌महिने फुटपाथवर राहतात, असे ऐकल्यापासून मेहुणे जायलाच तयार नाहीत. राहण्याची मोफत सोय खरोखर असते का? ती कशी मिळते आणि किती दिवस? (एक वाचक, जि. हिंगोली)

उत्तर : सोय असते, आणि ती मिळवण्याचा रस्ता रुग्णालयाच्या आतूनच जातो. आपल्या मेहुण्यांनी ऐकलेलेही खोटे नाही. टाटा रुग्णालयाजवळ, परळच्या जेरबाई वाडिया रस्त्यावर पथारी टाकून राहणारी कुटुंबे पूर्वीही दिसत आणि आजही दिसतात. मात्र त्या भीतीपोटी उपचार लांबवणे हा सर्वांत महागात पडणारा निर्णय ठरेल. लहान मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, तो वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतल्यास बहुसंख्य मुलांमध्ये बरा होतो. ‘पूर्ण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण या उपचाराचा एकूण काळ दोन ते अडीच वर्षांचा असतो आणि त्यातील पहिले सहा-आठ महिने केमोथेरपीचा जोर मोठा असल्याने मुलाला रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते.

जवळ राहण्याचे कारण नीट समजून घ्यावे. केमोमुळे मुलाच्या पांढऱ्या पेशींचा ‘काउंट’ खाली येतो आणि त्या दिवसांत साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. मूल वॉर्डात दाखल नसते, तरी त्याला घेऊन गावी परतता येत नाही. खाट रिकामी करून बाहेर आलेल्या कुटुंबाने या मधल्या काळात जायचे कुठे, हा प्रश्न कोणत्याही उपचार योजनेत मोडत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते, पण बाहेरच्या खोलीचे भाडे भरत नाही. म्हणून मी अशा निवाऱ्याकडे दयेने दिलेली ओसरी म्हणून पाहत नाही; औषधाइतकाच तो उपचाराचा भाग आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास साधारण वीस टक्के मुलांचे पालक उपचार नाकारत किंवा अर्ध्यावर सोडून जात असत. निवास, अन्न, आर्थिक मदत आणि समुपदेशन यांची एकत्र व्यवस्था उभी राहिल्यानंतर काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. फाईल निघाली की त्याच दिवशी बालविभागातील समाजसेवकांना, म्हणजे मेडिकल सोशल वर्करना, भेटावे आणि ‘आम्हाला मुंबईत राहायला जागा नाही’ हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. लाजेने किंवा ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून हे न सांगणारे पालक पुष्कळ असतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि गावच्या डॉक्टरांचे कागद यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवाव्यात. मुलांसाठीच्या निवासांत थेट दारात जाऊन प्रवेश मिळत नाही. त्यासाठी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. त्यामुळे गेटबाहेर ‘स्वस्तात खोली देतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती आगाऊ पैसे देऊ नयेत.

या कामातील एक मोठी संस्था म्हणजे सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स. श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत ती सुरू केली. आज तिची केंद्रे कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, गुवाहाटी अशा अनेक शहरांत आहेत, आणि मुंबईत कॉटन ग्रीनला पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींमध्ये तिचे मोठे संकुल आहे. राहण्याचे पैसे घेतले जात नाहीत. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र कप्पा असतो आणि स्वयंपाकघर सामाईक असले तरी प्रत्येक आईला आपली शेगडी मिळते. शिधा संस्था देते, स्वयंपाक कुटुंबाने करायचा. मला या व्यवस्थेतील हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. केमोने तोंडाची चव गेलेले मूल कॅन्टीनच्या ताटाला हात लावत नाही, पण आईच्या हातची मऊ खिचडी किंवा ज्वारीची भाकरी दोन घास तरी खाते. आणि दिवसभर वॉर्डाच्या बाकावर बसून हतबल झालेल्या आईलाही स्वतःच्या हाताने काही करता येते. रुग्णालयात ने-आण करण्याची सोय, मुलांसाठी शिकवणी आणि पालकांसाठी समुपदेशन हेही तेथे असते. स्वच्छतेचे नियम कडक असतात. ते जाचक वाटले तरी पाळावेत, कारण शेजारच्या कप्प्यातील मुलाचाही काउंट खालीच असतो.

तेथे जागा नसेल तर समाजसेवक अन्य ठिकाणी पाठवतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन ठिकाणी सर्व वयांच्या रुग्णांना व नातेवाइकांना माफक शुल्कात राहता येते. वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मारक निवास हे टाटा रुग्णालयाशीच जोडलेले आहे. (गाडगेबाबांनी स्वतः झोपडीत राहून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, हे आपण शाळेत शिकतो, त्यांच्या नावाची दादरची वास्तू आज कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते, हे मात्र परळला जाण्याची वेळ येईपर्यंत फारसे कोणाला ठाऊक नसते.)

मुक्काम किती दिवसांचा, हे उपचाराच्या टप्प्यावर ठरते. जोराचा टप्पा संपून गोळ्यांचा आणि अधूनमधून तपासणीचा टप्पा सुरू झाला की कुटुंबाने जागा मोकळी करावी, अशी अपेक्षा असते, कारण दारात दुसरे कुटुंब थांबलेले असते. त्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : पुढची औषधे आणि रक्ततपासण्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात होऊ शकतील का? हिंगोलीहून ते बरेच जवळचे आहे. मुंबईला जावे लागलेच, तर रेल्वेची सवलत घ्यावी. उपचारासाठी वा तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका व्यक्तीला त्या वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. कन्सेशनचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो. भाच्याला धाकटे भावंड असेल, तर त्याला सोबत ठेवता येईल का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. कुटुंबातील किती जणांना राहता येईल, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला अशा एखाद्या निवासाला मदत करायची आहे. जुने कपडे, खेळणी आणि महिन्यातून एकदा घरी केलेले जेवण द्यावे, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हेतू चांगला आहे, यादी मात्र बदलावी लागेल. घरचे जेवण कितीही स्वच्छ असले तरी ते शिजल्यापासून मुलाच्या ताटात पडेपर्यंत तास-दोन तास जातात आणि काउंट कमी असलेल्या मुलासाठी तेवढा धोका पुरेसा असतो. म्हणूनच बाहेरचे शिजवलेले अन्न अशा ठिकाणी सहसा घेत नाहीत. केसाळ बाहुल्यांत धूळ साठते. जुन्या कपड्यांचे तर गठ्ठेच्या गठ्ठे येतात आणि ते निवडण्यात कर्मचाऱ्यांचा दिवस जातो. संस्थेला आधी फोन करून या महिन्यात काय कमी आहे ते विचारावे. उत्तर बहुधा तूरडाळ, तेल, साबण किंवा सरळ पैसे असे येईल.

पैसे देताना ८०-जी प्रमाणपत्राची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणाऱ्या कागदाची, चौकशी करावी. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिली तर मिळत नाही, आणि वस्तूंवरही मिळत नाही. संघातील सदस्यांची मुले-नातवंडे मुंबई-पुण्यात असतील, तर त्यांना प्लेटलेट्स देण्यास सांगावे. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे वर्षातून एकदा भरवलेल्या मोठ्या शिबिरापेक्षा वर्षभर थोडे थोडे येणारे दाते अधिक कामाचे.

प्रश्न : आमच्या इमारतीतील दोन सदनिका एक संस्था कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी भाड्याने घेऊ पाहते आहे. काही सभासदांचा संसर्गाच्या भीतीने विरोध आहे. सचिव म्हणून मी काय भूमिका घ्यावी? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : कर्करोग संसर्गजन्य नाही. शेजारी राहिल्याने, एकाच लिफ्टमधून गेल्याने किंवा मुलांनी एकत्र खेळल्याने तो कोणालाही होत नाही. संसर्गाची भीती बाळगायचीच असेल, तर ती त्या मुलांनी बाळगावी, कारण आपल्या घरातील सर्दी-खोकला त्यांना भारी पडू शकतो. आपल्या इमारतीत आहे तसा विरोध मुंबईला नवा नाही. २०२१ मध्ये म्हाडाच्या लालबाग-करी रोड भागातील शंभर सदनिका टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचे ठरले, किल्ल्याही दिल्या गेल्या. स्थानिक रहिवाशांच्या आक्षेपानंतर मुख्यमंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि मग बॉम्बे डाइंगच्या आवारातील सदनिका देण्याचे ठरले. रहिवाशांचे सगळेच आक्षेप निराधार असतात, असे मी म्हणणार नाही. सतत बदलणारी माणसे, पाण्याचा वापर, रात्री-अपरात्री येणारी रुग्णवाहिका हे प्रश्न खरे आहेत. ते संस्थेशी लेखी करारात सोडवावेत : एका सदनिकेत किती कुटुंबे राहतील, देखरेखीला पूर्णवेळ व्यक्ती कोण असेल, नोंदवही कोण ठेवील आणि पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती कोण देईल. सभेपुढे हा मसुदा आणि रुग्णालयातील एखाद्या डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र एकत्र ठेवावे. संसर्गाचा मुद्दा त्या पत्रावर मिटवून उरलेली चर्चा पाण्यावर आणि नोंदवहीवर होऊ द्यावी.