अमेरिकेत पब्लिक स्कूलला जाणारी कॅथलिक मुलं ‘सीसीडी’ला जातात म्हणजे नक्की कुठे जातात? आणि हा प्रकार कधीपासूनचा?

तुम्ही लिहिलंय की मुलीची वर्गमैत्रीण दर बुधवारी संध्याकाळी खेळायला येत नाही कारण ‘तिला सीसीडी असतं’, आणि तुमच्या घरी दोन महिने सगळ्यांना वाटत होतं की ते लोक दर बुधवारी सहकुटुंब कॉफी प्यायला जातात. खूप हसले, कारण मी वसईहून इकडे न्यू जर्सीत आले तेव्हा माझ्याही डोक्यात पहिल्यांदा कॅफे कॉफी डेच आलं होतं, आणि मी तर जन्माची कॅथलिक! आता गेली सात वर्षं दुसरीच्या मुलांचा तोच क्लास मी घेते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सीसीडी म्हणजे कॉन्फ्रॅटर्निटी ऑफ ख्रिश्चन डॉक्ट्रिन. कॉन्फ्रॅटर्निटी म्हणजे आपल्याकडचं मंडळच समजा, म्हणजे हे नाव मुळात क्लासचं नाहीच, शिकवणाऱ्यांच्या मंडळाचं आहे. आई भजनाला गेली की आपण ‘आई मंडळात गेलीय’ म्हणतो ना, तसं ते नाव क्लासला चिकटलं. जी कॅथलिक मुलं चर्चच्या शाळेत न जाता सरकारी शाळेत जातात त्यांना आठवड्यातून एकदा तास-दीड तास चर्चमध्ये धर्म शिकवायचा, एवढंच ते. तुम्ही मुंबईत कॉन्व्हेंटमध्ये शिकला असाल तर आठवत असेल, एका तासाला वर्गाचे दोन भाग व्हायचे, कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्म शिकायला) आणि बाकीची मॉरल सायन्सला. इथल्या पब्लिक स्कूलमध्ये तसलं काही करायची सोय नाही, सरकारी शाळेत धर्म शिकवणं घटनेत बसत नाही, म्हणून मग बुधवार संध्याकाळ.

आता इतिहास. इथल्या बऱ्याच कॅथलिक लोकांनाही वाटतं की खरं शिक्षण चर्चच्या शाळेत, आणि ज्यांना तिथली फी परवडत नाही त्यांच्यासाठी ही उरलीसुरली सोय. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हे मंडळ आधीचं, शाळा कितीतरी नंतरच्या.

सुरुवात इटलीत मिलान शहरात, १५३६ साली. कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो नावाचा एक साधा धर्मगुरू होता, त्याने काही सामान्य लोकांना हाताशी धरून रविवारी आणि सणाच्या दिवशी रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांना गोळा करून शिकवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पोरांना सफरचंदाची लालूच दाखवली अशी गोष्ट सांगतात, आणि खरं सांगू का, पाचशे वर्षांत पद्धत काही बदललेली नाही, माझ्या पर्समध्ये बुधवारी चॉकलेटं असतात. पुढे त्या मंडळात पोरांना रस्त्यातून धरून आणायचं कामच काही जणांना नेमून दिलेलं होतं आणि त्यांना ‘पेस्कातोरी’, म्हणजे मासे पकडणारे कोळी म्हणायचे. मुलांचे वर्ग वेगळे, मुलींचे वेगळे, पुरुष आणि बायका दोघंही शिकवायचे, आणि नुसती प्रार्थना नाही तर लिहा-वाचायलाही शिकवायचे. म्हणजे गरिबाच्या पोराने आठवडाभर राबायचं आणि रविवारी अक्षरं गिरवायची.

मग मिलानला आर्चबिशप म्हणून कार्लो बोरोमेओ आला, हा फार कडक आणि शिस्तीचा माणूस, त्याने हे सगळं नीट बांधलं, नियम केले, हजेऱ्या, तपासनीस, सगळं. १५८४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या धर्मप्रांतात अशा ७४० शाळा, ३,०४० शिकवणारे आणि ४०,०९८ शिकणारे होते. तो शेवटचा ९८ बघून मला नेहमी वाटतं की कुणीतरी खरंच रजिस्टर भरत होतं. आणि लक्षात घ्या, संडे स्कूलचा जनक म्हणून सहसा ज्याचं नाव घेतात तो इंग्लंडमधला रॉबर्ट रेक्स १७८० चा, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं नंतरचा.

मिलानहून मार्को कुसानी नावाचा माणूस रोमला गेला आणि त्याने तिथे असंच मंडळ काढलं. पोप पाचव्या पायसने १५७१ मध्ये सगळ्या बिशपांना सांगितलं की असं मंडळ तुमच्याकडेही काढा, आणि १६०७ मध्ये रोमच्या मंडळाला तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये मुख्य मंडळाचा दर्जा मिळाला. या वर्गांसाठी म्हणून बेलार्मिनो नावाच्या इटालियन धर्मपंडिताने १५९७ मध्ये प्रश्नोत्तराचं छोटं पुस्तक लिहिलं, ते पुढे कुठल्या कुठे भाषांतरित होत गेलं.

इथे थोडं विषयांतर, पण आपल्या घरचं आहे म्हणून सांगते. मिलानची सुरुवात १५३६ ची, आणि १५४२ च्या मे महिन्यात धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. तोही तिथे हातात घंटा घेऊन गल्लीबोळातून फिरायचा, पोरं आणि गुलाम मागे लागले की चर्चमध्ये नेऊन गाण्यात धर्म शिकवायचा. मिलानच्या मंडळाचा याच्याशी थेट संबंध नव्हता, पण तेव्हाची हवाच तशी होती. गोव्यात अशा धर्मशिक्षणाला अजून ‘दोतोर्न’ म्हणतात, मूळ शब्द पोर्तुगीज दौत्रिना. आणि आपल्या मराठीसाठी सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे फादर स्टीफन्सचं १६१६ चं ख्रिस्तपुराण. त्याच्या सुरुवातीलाच येतं की गोव्यातल्या साष्टीत एका रविवारी चर्चमध्ये मुलांना दोतोर्न शिकवणं चाललं होतं, तेव्हा एक ब्राह्मण उठून म्हणाला की तुम्ही आमची पुराणं बंद केलीत, मग त्याच्या जागी आम्हाला दुसरं एखादं पुराण तरी द्या. म्हणजे सुमारे ११ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाचं निमित्तच असा एक रविवारचा वर्ग! शाळेत आम्हाला त्यातलं ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ शिकवलं, पण ही गोष्ट कुणी सांगितली नाही.

असो. अमेरिकेकडे येऊ.

इथे १९ व्या शतकात सरकारी शाळा निघाल्या पण त्या नावाला सर्वांच्या, आतून प्रोटेस्टंट वळणाच्या. बायबल वाचायचं ते किंग जेम्सचं, म्हणजे प्रोटेस्टंट बायबल. आयरिश कॅथलिक स्थलांतरितांनी कुरकुर केली तर १८४४ मध्ये फिलाडेल्फियात यावरून दंगली झाल्या, चर्चेस जाळली. मग कॅथलिक बिशपांनी ठरवलं की आपल्याच शाळा काढू. १८८४ मध्ये बाल्टिमोरला त्यांची मोठी परिषद झाली, तिथे हुकूम निघाला की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा झाली पाहिजे आणि पालकांनी मुलं तिथेच पाठवायची. पुढच्याच वर्षी बाल्टिमोर कॅटेकिझम नावाचं पुस्तक आलं, ‘जग कोणी निर्माण केलं? देवाने जग निर्माण केलं’ अशी प्रश्नोत्तरं, इथल्या सत्तरीच्या पुढच्या आज्या अजून ती घडाघडा म्हणतात, आपल्याकडे पाढे म्हणतात तशी.

पण हुकूम निघाला म्हणून शाळा थोडीच उभी राहते. मोठ्या शहरात राहिली, तिथे नन्स होत्या, पैसा होता. खेड्यापाड्यात, खाणींच्या गावात, नव्या आलेल्या इटालियन-मेक्सिकन लोकांच्या वस्त्यांत नाही राहिली. तिथली पोरं सरकारी शाळेत जात राहिली आणि बिशप लोकांचं लक्ष शाळांकडे, त्यामुळे या पोरांना कुणी वालीच नाही. दरम्यान पोप दहावा पायस (हा खेड्यातल्या पोस्टमनचा मुलगा, स्वतः अनेक वर्षं गावचा फादर होता, त्याला हे दुखणं माहीत होतं) त्याने १५ एप्रिल १९०५ ला फतवाच काढला की प्रत्येक चर्चमध्ये हे मंडळ पाहिजे म्हणजे पाहिजे, वर्षभर दर रविवारी मुलांना एक तास शिकवायचं, आणि फादर कमी असतील तर साध्या माणसांना कामाला लावा. न्यूयॉर्कमध्ये एका चर्चने १९०२ मध्येच मंडळ काढलं होतं. १९२२ मध्ये लॉस एंजेलिसला मेक्सिकन मुलांसाठी काम उभं राहिलं, त्यात व्हेरोना स्पेलमायर नावाची सरकारी शाळेतलीच एक शिक्षिका पुढे होती. दिवसा सरकारी शाळेत, संध्याकाळी वस्तीत.

आणि मग एडविन ओहारा. माझा लाडका माणूस. मिनेसोटातल्या शेतकऱ्याच्या घरचा, फादर झाला आणि ओरेगनमध्ये पोर्टलंडला शाळांचा प्रमुख होता, म्हणजे चांगलं शहरातलं काम. १९२० मध्ये त्याने स्वतःहून यूजीन नावाच्या गावातलं चर्च मागून घेतलं, कारण त्याला शेतावरच्या कॅथलिक पोरांचं काय होतंय ते बघायचं होतं. घरं लांब लांब, रस्त्यात चिखल, रविवारीसुद्धा सगळे चर्चला पोचतील याची खात्री नाही. त्याने काय करावं, तर पोस्टाने धडे पाठवायला सुरुवात केली! मुलं घरी आईजवळ बसून धडा करणार, उत्तरं परत पोस्टाने. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे दिवसाचे वर्ग, प्रोटेस्टंट लोक असे वर्ग आधीपासून घेत होते, याने बिनदिक्कत उचलली ती कल्पना. त्याच ओरेगनमध्ये १९२२ ला कायदा पास झाला की सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे, त्यामागे कू क्लक्स क्लॅन या कॅथलिकद्वेष्ट्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर होता. १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उडवला, पण मधली तीन वर्षं इथल्या कॅथलिकांना हे स्वच्छ दिसत होतं की उद्या शाळा गेल्या तर हातात काय उरणार? वर्ग उरणार.

१९३० मध्ये ओहारा बिशप झाला आणि हे मंडळ देशभर पोचवण्यामागे लागला, वॉशिंग्टनला मुख्य ऑफिस आलं. तेवढ्यावर थांबला नाही, शिकवायला बायबल सोप्या इंग्रजीत पाहिजे म्हणून नवीन भाषांतर करून घेतलं, नवा करार १९४१ मध्ये आला, आणि तेच काम वाढत वाढत १९७० चं न्यू अमेरिकन बायबल झालं. तुमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या घरचं बायबल उघडून कॉपीराइटचं पान बघा, बहुतेक तिथे कॉन्फ्रॅटर्निटी ऑफ ख्रिश्चन डॉक्ट्रिन असंच छापलेलं सापडेल. बुधवारच्या क्लासवाल्या मंडळाच्या नावावर अख्ख्या देशाच्या मिसाचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, बायबल!

हा ओहारा १९५६ च्या सप्टेंबरमध्ये युरोपात एका परिषदेला निघाला होता आणि वाटेत वारला. कुठे, तर मिलानमध्ये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून बघितलं होतं.

मधल्या काळातली कोर्टाची भानगडही थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ‘शाळेतच का नाही शिकवत’ असं विचारलंय. १९१४ पासून इंडियानातल्या गॅरी शहरापासून एक पद्धत निघाली होती की शाळेच्या वेळेतून मुलांना धर्मशिक्षणासाठी तासभर सोडायचं. इलिनॉयमध्ये शॅम्पेन गावात हे वर्ग शाळेच्या इमारतीतच भरायचे, तेव्हा व्हॅश्टी मॅककॉलम नावाची एक आई कोर्टात गेली कारण तिचा मुलगा कुठल्याच वर्गाला जात नव्हता आणि एकटा पडायचा. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, सरकारी शाळेच्या खोलीत हे चालणार नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या केसमध्ये म्हणालं, शाळेबाहेर जाऊन करा, मग आमची हरकत नाही. काही राज्यांत तसं अजून चालतं, पण आमच्याकडे सरळ संध्याकाळच.

१९६० च्या दशकात कॅथलिक शाळांत ५० लाखांच्या वर मुलं होती, आज १७ लाखांच्या आसपास. नन्स कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फिया वाढल्या, शाळा बंद पडत गेल्या. आता पुन्हा बहुतेक मुलं आमच्याकडेच. नावं मात्र सारखी बदलतात, रिलिजस एज्युकेशन, फेथ फॉर्मेशन, आणखी काय काय, बोर्डावर काहीही लिहा, आया मात्र फोनवर ‘आज सीसीडी आहे का हो’ असंच विचारतात.

आणि चर्चच्या शाळेपुढे सीसीडीच्या वाट्याला येणारं ते सावत्रपण अजून गेलेलं नाही. मी पूर्वी जिथे शिकवायचे तिथे आमचा वर्ग चर्चच्या शाळेच्या खोलीत भरायचा. फळ्यावर कोपऱ्यात चौकट करून ‘पुसू नये’ लिहिलेलं, डेस्कवर दुसऱ्याच मुलांच्या नावाच्या पट्ट्या, आणि आमची पोरं डायरेक्ट सॉकरच्या मैदानावरून आलेली, बुटाच्या खिळ्यांतून मातीचे गोळे पडतायत. दुसऱ्या दिवशी हटकून चिठ्ठी यायची की खोडरबर गायब आहे, अमक्याच्या पेन्सिली गेल्या, ‘सीसीडीच्या मुलांना’ समज द्या. एकदा मी वैतागून घरून खोडरबरांचा डबाच नेऊन ठेवला. फुकट शिकवतो आम्ही, वर हे.

शेवटी तुमचा खरा प्रश्न, मे महिन्यात त्या मैत्रिणीच्या फर्स्ट कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या सोहळ्याला, बोलावलंय, काय न्यायचं आणि तुमची मुलगी आत बसली तर चालेल का. अगदी चालेल, सगळ्यांबरोबर उभं राहायचं, बसायचं, फक्त प्रसाद घ्यायला रांगेत जायचं नाही, जागेवरच थांबायचं, कुणी काही म्हणत नाही. ही मुलं सात-आठ वर्षांचीच का, तर तेही त्या दहाव्या पायसमुळे, त्याआधी बऱ्याच ठिकाणी दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवायचे, १९१० मध्ये त्याने सांगितलं की समज आली की द्या, साधारण सातव्या वर्षी. म्हणून दुसरीचा वर्ग सगळ्यात भरलेला असतो आणि तो नेमका माझ्या गळ्यात पडलाय. गिफ्टचं म्हणाल तर कार्डात घालून थोडे पैसे द्या, इथे तेच चालतं, रोझरी-बिझरी (जपमाळ) तिला आजीकडून चार मिळालेल्या असतात. आणि कॅमेऱ्याचं आधी विचारून घ्या, बऱ्याच चर्चमध्ये मधेच उठून फोटो काढलेले चालत नाहीत.