परसातलं लिंबू वाळतंय? आधी बुंधा बघा, दुकानात नंतर जा

प्रश्न : निफाड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, मोरीमागचं आठ वर्षांचं कागदी लिंबू शेंड्याकडून वाळत चाललंय, पानं पिवळी पडून गळतात, यंदा फळं ढीगभर लागली पण बारीक. दुकानदाराने टॉनिक, ह्युमिक, मायक्रोन्यूट्रिएंट, युरिया आणि मुळाशी ओतायचं कीटकनाशक दिलंय, टाकू का? आणि लिंबाला अनुदान मिळतं का?

उत्तर : ताई, काहीच टाकू नका. आधी बुंध्याशी बसा. तुम्ही "मोरीमागचं" लिहिलंत तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. अशी झाडं मी खूप बघितलीत, शेंडा वाळतो म्हणून सगळे वर बघतात आणि दुखणं असतं खाली.

बुंध्याची माती वीतभर बाजूला करा, साल चाकूने जराशी खरवडा. आतून हिरवट-पांढरी निघाली तर बरं. तपकिरी, ओलसर, कुजका वास येत असेल तर तो डिंक्या, म्हणजे फायटोफ्थोरा बुरशीची कूज, यात सालीतून डिंक येतो. डिंक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका, जोराच्या पावसात डिंक विरघळून वाहून जातो. एखादं बारीक मूळ चिमटीत ओढा, साल मोज्यासारखी निघून आत दोरा राहिला तर मूळकूज आहे. आणि फळं ढीगभर लागली याचा आनंद मानू नका, मरणारं झाड असंच शेवटचं लदबदतं. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर मात्र ती अळी, तिचा इलाज वेगळा.

आता दुकानदाराचं. मुळं कुजलेली असताना युरिया देणं म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाला जेवणाचा आग्रह करणं, मुळं ओढणार कशाने? टॉनिकने कुजलेलं मूळ बरं होत नाही. अळी नसताना कीटकनाशक कशासाठी, तेही घराला लागून? आपल्याकडे दुकानं द्राक्षाच्या औषधांनी भरलेली, जे फळीवर आहे ते हातात येतं. द्राक्षबागेतलं उरलेलं जीए, सिक्स बीए ही वाढीची संजीवकं तर लिंबाला अजिबात मारू नका. आणि "डबल डोस द्या, लवकर फरक पडेल" असं जो सांगेल त्याच्याकडून काही घेऊ नका, डबल डोसने बुरशी डबल मरत नाही, मुळं मात्र भाजतात.

करायचं काय, तर पहिलं मोरीचं पाणी आजच तोडा, पाइप लावा, चर काढा, काहीही करा पण ते पाणी बुंध्याला लागता कामा नये. निफाडची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात साबणाचं पाणी रोज. मग डबल रिंग आळं करा : आतल्या रिंगेत बुंध्याला मातीची उतरती भर, पाणी फक्त बाहेरच्या रिंगेत, फांद्यांच्या सावलीच्या कडेला. माझं ऐकायचं तर एवढं एकच ऐका, औषध नंतर. खोडाला पाणी लागलं की रोग परत येणार, परत येणार म्हणजे येणारच.

कुजलेली साल खरवडून जाळा, उघडीप बघून बोर्डो पेस्ट लावा. एका झाडाला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात, त्याच दिवशी वापरा. पुढे दरवर्षी पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, जमिनीपासून दोन-तीन फूट. वाळक्या फांद्या थोडा हिरवा भाग घेऊन कापा, तिथेही पेस्ट.

मुळांसाठी मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 2.5 ग्रॅम प्रति लिटर, 10 लिटर द्रावण मुळांच्या भागात. द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी आणलेलं घरात असेलच, हा रोग डावणीच्याच भावकीतला. साचलेल्या पाण्यात ओतू नका, वाफसा येऊ द्या. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर ओतूच नका. झाडावरची लिंबं काही दिवस खायची नाहीत, किती ते पाकिटावर बघा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतातून जरूर द्या पण औषधानंतर निदान तीन आठवड्यांनी, दोन्ही एकत्र टाकलं तर पैसे पाण्यात.

बुंध्याची साल अर्ध्यापेक्षा जास्त घेरून कुजली असेल तर झाड वाचायचं नाही, काढा आणि त्याच खड्ड्यात परत लिंबू नको.

अनुदानाचंही विचारलंय. परसातल्या एका झाडाला मिळत नाही. शेतात लागवड करायची असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कागदी लिंबू बसतं, तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के हप्ते, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. रोपं विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतूनच घ्या, साई सरबती हा वाण मागा.

फोटो पाठवाल तेव्हा पानांचा नको, माती काढलेल्या बुंध्याचा पाठवा.