‘काल मी रत्नागिरीला गेलो होतो’ याचं इंग्रजी ‘आय हॅड गॉन टू रत्नागिरी यस्टरडे’ असं का चालत नाही?

एवढंच सुटं वाक्य असेल तर सरळ ‘आय वेंट टू रत्नागिरी यस्टरडे’ म्हणा. मराठीत आपण ‘गेलो होतो’ सहज बोलून जातो, जाऊन परत आलो हे त्यात आपोआप येतं. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र सोबत लागते, भूतकाळातल्याच पण नंतरच्या एखाद्या घटनेची. ती नसली की ऐकणारा ‘बरं, मग पुढे काय झालं?’ म्हणून थांबून राहतो.

दाभोळचा धक्का घ्या. ‘व्हेन आय रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट’ म्हणजे तुम्ही पोचायच्या आधीच फेरीबोट गाड्या भरून धोपावेच्या बाजूला निघाली, आता पुढच्या फेरीपर्यंत बसा चहा पीत. तेच ‘द फेरी लेफ्ट’ म्हटलंत तर तुम्ही पोचलात आणि मग ती सुटली, कदाचित तुम्हाला घेऊनसुद्धा. एका ‘हॅड’वर बोट मिळणं-चुकणं ठरतं.

‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ असेल तर क्रम तसाही कळतो, तिथे ‘हॅड’ गाळलं तरी बिघडत नाही. ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड चिपळूण’ अगदी बरोबर आहे.

आणि ‘हॅड’ काढून तिथे ‘हॅव’ बसवू नका, बरेच जण तेच करतात. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ असा संपलेला काळ सांगितला की ‘आय हॅव गॉन’ चुकीचंच.